बाजारातलं पेनाचं दुकान

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समितीनं मला 'आपल्या संस्थेची २५ वर्षे' हा विषय दिला होता. पण माझ्या आधी तीन वक्ते बोलले आणि त्यांनी पहिल्या बोअरवेलपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत माझ्यासाठी काहीच शिल्लक ठेवलं नाही. म्हणून सचिवांच्या परवानगीनं विषय थोडा बदलतो. मी आज एका दुकानाबद्दल बोलणार आहे. बाजारातलं शाईच्या पेनाचं दुकान, जे गेल्या दिवाळीच्या पाडव्यानंतर उघडलंच नाही. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी तिथून काही ना काही घेतलेलं आहे, आणि उरलेल्या निम्म्यांच्या वडिलांनी. दुकानदारांचं नाव मी घेणार नाही. "छापून-बिपून आणू नका माझं नाव," असं त्यांनी बजावून सांगितलं आहे. आपण सगळे त्यांना 'पेनवाले काका' म्हणत आलो, तेच आजही म्हणू.

आता तुम्ही म्हणाल, संस्थेच्या रौप्यमहोत्सवाचा आणि या दुकानाचा काय संबंध? आहे. १ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्याचं विभाजन होऊन आपला वाशीम जिल्हा झाला. आमच्यासारखे कारकून अकोल्याहून फायलींच्या गठ्ठ्यांसोबत इथे आले. नवीन जिल्हा म्हणजे नवीन कार्यालयं, नवीन खुर्च्या, आणि राहायला जागा नाही. त्या जागेच्या अडचणीतूनच ही संस्था उभी राहिली. पहिल्या सभासदांची यादी काढून पाहा: महसूल, जिल्हा परिषद, कोर्ट, शाळा, बँक. सगळी लिहिणारी माणसं. आणि या सगळ्यांची पेनं एकाच दुकानात जायची.

दुकान म्हणजे तरी काय, सहा फूट रुंद आणि दहा फूट खोल. समोर काचेचं कपाट. त्यात एअरमेल, विल्सन, कॅमलिन, प्लेटो, वॉलिटी, आणि वरच्या कप्प्यात एका रांगेत चिनी हीरो. पार्कर एकच, तेही विकायला नाही, दाखवायला. खाली शाईच्या बाटल्या: निळी, निळी-काळी, काळी, लाल, आणि राजपत्रित अधिकाऱ्यांसाठी हिरवी. हिरव्या शाईची बाटली कोण मागतो यावरून काकांना गावात कोणाला बढती मिळाली ते आमच्या आस्थापना शाखेच्या आधी कळायचं. गल्ल्याच्या बाजूला एक लाकडी पाट. त्याच्यावर बारीक दगड, चिमटा, ड्रॉपर, व्हॅसलीनची डबी आणि जुन्या धोतराचे तुकडे. खरं दुकान म्हणजे हा पाट. कपाटातलं पेन कुठेही मिळालं असतं.

एक गोष्ट मला तिथेच कळली, ती तुम्हालाही सांगतो. शाईचं पेन चालतं कशामुळे? आपल्याला वाटतं शाई खाली येते म्हणून. काका म्हणायचे, "शाई खाली येते ते सोपं हाय, भाऊ. हवा वर गेली पाह्यजे." निबच्या खाली जी काळी पट्टी असते तिला ते 'जीभ' म्हणायचे. तिच्यात केसासारख्या बारीक चिरा असतात. त्यातून शाई केशाकर्षणानं उतरते आणि तिच्या बदल्यात हवा आत चढते. हा हिशोब बरोबर जमला तर पेन लिहितं, नाही तर ओकतं. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनला १८८४ साली पेटंट मिळालं ते या हवेच्या आणि शाईच्या देवाणघेवाणीसाठीच. मे महिन्यात आपल्याकडे शर्टाच्या खिशाला निळा डाग का पडायचा, त्याचंही कारण हेच. पेन अर्धं रिकामं झालं की आतल्या हवेची जागा वाढते. छातीच्या आणि हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. "पेन अर्धं झालं का भरून घ्या, गळणार नाही," हा त्यांचा सल्ला. गिऱ्हाइकांना वाटायचं, शाई खपवायला सांगतात. तसं नव्हतं, ते पदार्थविज्ञान होतं.

दुसरं निबचं. निबच्या टोकाला एक कण असतो, अत्यंत कठीण धातूचा. तो कण वर्षानुवर्षं कागदावर घासून लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे झिजतो. कोणाचा हात तिरपा, कोणाचा उभा, कोणी दाबून लिहिणारा. त्यात आपली देवनागरी. इंग्रजीवाल्यांना शिरोरेघ ओढावी लागत नाही. आपल्याला प्रत्येक शब्दावर डावीकडून उजवीकडे एक रेघ मारायची असते. त्या रेघेला निब अडखळलं तर सगळं लिहिणं अडखळतं. म्हणून काका निब दुरुस्त केलं की गोल-गोल गिरवून पाहत नसत. एक वही पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "तुमचं नाव लिहा." माणूस आपलं नाव लिहिताना सर्वात स्वाभाविक लिहितो. रेघ ओढताना हात कुठे अडला ते बघून पुन्हा दगडावर दोन फेर, पुन्हा नाव. अशा वह्यांचे गठ्ठे होते त्यांच्याकडे. त्यात तहसीलदार होते, दहावीची पोरं होती, अर्जनवीस होते, दवाखान्याच्या नर्सताई होत्या. काहींनी नाव न लिहिता नुसतं 'श्री' लिहिलं. एका पोरानं पानभर एकाच मुलीचं नाव लिहिलं होतं. ते पान काकांनी फाडून टाकलं नाही, पण कोणाला दाखवलंही नाही. मलाही फक्त सांगितलं.

लिहिण्याच्या बाबतीत आपला जिल्हा काही मागासलेला नाही, हे इथे जाता जाता सांगू द्या. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट इथलेच. त्यात काही मजकूर संस्कृत आणि काही प्राकृत. तांब्यावर लिहिणाऱ्याला शाई लागत नव्हती, ते सोडा. पण कारंज्याच्या जैन मंदिरांमधल्या हस्तलिखितांना लागली, आणि ती शाई शतकं टिकली. १९३१ साली पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' कारंजा जैन ग्रंथमालेत छापून आलं तेव्हा देशभरच्या विद्वानांना कळलं की या तालुक्याच्या गावात अपभ्रंश भाषेचं केवढं धन पोथ्यांत बांधून ठेवलेलं आहे. पोथीची शाई काजळीची, डिंकात घोटलेली. ती उन्हानं उडत नाही. पण तीच शाई शाईच्या पेनात घातली तर जिभेच्या चिरा डिंकानं बसतात. ड्रॉइंगची शाई भरून आणलेलं पेन पाहिलं की काकांचा चेहरा असा व्हायचा की समोरच्यानं दुधात मीठ टाकून आणलं आहे.

शाईची गोष्ट निघाली म्हणून आपल्याच संस्थेचा दाखला देतो. एका पावसाळ्यात आपल्या कार्यालयाचं छत गळलं आणि इतिवृत्ताचं पहिलं पुस्तक भिजलं, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. मी ते पुस्तक परवा पुन्हा चाळलं. रॉयल ब्लू शाईनं लिहिलेल्या सभा जवळजवळ धुऊन गेल्या आहेत. तिसऱ्या सभेत नेमका काय ठराव झाला ते आता परमेश्वरालाच माहीत. निळ्या-काळ्या शाईनं लिहिलेल्या सभा मात्र जशाच्या तशा आहेत. कारण जुन्या पद्धतीच्या निळ्या-काळ्या शाईत लोहाचा अंश असतो; हिराकस आणि मायफळाच्या तुरट अर्काचीच ती जात. लिहिताना फिकी दिसते, हवा लागली की काळी पडते आणि कागदाच्या अंगात मुरते. "रेकॉर्डले निळी-काळी, प्रेमपत्राले निळी," असं काका म्हणायचे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या पुस्तकात बॉलपेननं केलेल्या सह्याही शाबूत आहेत. तेलकट शाई पाण्याला दाद देत नाही. बॉलपेनला त्याचं श्रेय दिलं पाहिजे.

तर मग दुकान बंद का झालं? बॉलपेन आलं म्हणून, असं आपण पटकन म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. लास्लो बिरो या हंगेरीच्या पत्रकारानं बॉलपेनचं पेटंट घेतलं १९३८ ला. काकांचं दुकान सुरू झालं तेव्हा बॉलपेन जुनं झालेलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत पांढऱ्या अंगाचं, निळ्या टोपणाचं रेनॉल्ड्स घराघरात गेलं, तरी दुकान चालू होतं. शाळेत मास्तर बॉलपेन हातात दिसलं की अक्षर बिघडतं म्हणून छडी उगारायचे, तो एक आधार होता. दुसरा आधार आमची कार्यालयं.

पण कार्यालयातच पहिला घाव बसला, आणि तो कार्बन पेपरचा. तीन प्रती काढायच्या तर दाबून लिहावं लागतं. शाईच्या पेनाला दाबलेलं चालत नाही, निबची दोन पाती फाकतात. आमच्या शाखेतला एक लिपिक महिन्याला एक निब बदलायचा. शेवटी काकांनीच त्याला सांगितलं, "बाबू, तुमचं काम या पेनाचं नाही. तुमी बॉलपेन घ्या." आपल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या मालाकडे पाठवणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

मग संगणक आले. पूर्वी तलाठी म्हणजे काकांचं हक्काचं गिऱ्हाईक. सातबारा, फेरफार, आठ-अ, सगळं हातानं. पीकपाहणीच्या हंगामात मानोरा, मालेगाव, रिसोडकडचे तलाठी येऊन शाईच्या बाटल्या डझनानं न्यायचे. २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. शेतकऱ्याची चांगली सोय झाली, सातबाऱ्यासाठी हेलपाटे मारलेल्या माणसाला विचारा. मी त्याच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. फक्त त्या दिवसापासून तलाठ्याच्या खिशातलं पेन सहीपुरतं उरलं, आणि मग सहीपुरतंही उरलं नाही.

तरीही, माझ्या मते खरं कारण वेगळंच आहे. पेन दुरुस्त करण्याला किंमत राहिली नाही. काका एका पेनावर अर्धा तास बसायचे. जीभ काढा, कोमट पाण्यात टाका, चिरा साफ करा, निब बसवा, आट्यांना व्हॅसलीन लावा, नाव लिहून घ्या, पुन्हा घासा. याचे किती? पंधरा रुपये. फार झालं तर वीस. आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "पाच रुपयांत नवीन पेन येते, काका." त्या वाक्याला उत्तर नाही. पाच रुपयांचं पेन संपलं की फेकायचं; ते कोणाकडे घेऊन जायची गरज नाही, म्हणून त्याला दुकानाचीही गरज नाही. ते पानपट्टीवर मिळतं, किराण्यात मिळतं.

कोणी म्हणेल, शाईची पेनं तर आता पुन्हा जोरात आहेत. खरं आहे. पुण्या-मुंबईला हौशी मंडळींसाठी पेनांची दुकानं आहेत, मोबाईलवर हजारो रुपयांची पेनं मागवता येतात. बंगालमध्ये स्वदेशीच्या काळात, १९३४ ला सुरू झालेली सुलेखा शाई मध्ये बरीच वर्षं बंद पडली होती, तीही पुन्हा बाजारात आली. राजमहेंद्रीला रत्नम घराण्याची पेनं अजून हातानं बनतात. त्या रत्नमचं आपल्या विदर्भाशीही नातं आहे: के. व्ही. रत्नम यांनी बनवलेलं पूर्ण स्वदेशी पेन गांधीजींकडे वर्ध्यालाच पोचलं आणि १९३५ च्या जुलैमध्ये गांधीजींनी वर्ध्याहूनच त्यांना पत्र पाठवून पसंती कळवली. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ ला घोडा छाप शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, त्याचीच पुढे कॅमल शाई आणि कॅमलिन झाली; आज त्या कंपनीत जपानी कोकुयोची मालकी आहे, पण बाटली अजून मिळते. म्हणजे पेन मेलेलं नाही. शाई मेलेली नाही. मेलं ते जिल्ह्याच्या गावातलं दुकान. कारण मोठ्या शहरातलं दुकान हौसेवर चालतं आणि आपलं दुकान गरजेवर चालत होतं. हौस दहा लाखांच्या वस्तीत शे-पाचशे माणसांना असली तरी पुरते. आपल्या गावात ती पाच-सात जणांना आहे, त्यातला मी एक, आणि आम्ही पाच-सात जण मिळून एका दुकानाचं भाडं काढू शकत नाही.

काकांच्या मुलाबद्दल बाजारात बरंच बोललं गेलं, ते मला आवडलं नाही. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्यानं दोन वर्षं पैसे पाठवून भाडं भरलं. दुकान बंद करायचा निर्णय काकांचा. हात थरथरायला लागला होता. "दुसऱ्याचं निप माझ्या हातानं बिघडलं तर?" एवढंच ते म्हणाले. लक्ष्मीपूजनाची वाट पाहिली. वहीपूजनासाठी व्यापारी मंडळी अजून एक तरी शाईचं पेन नेतात, ती चार-सहा पेनं विकली, स्वतःच्या वहीची पूजा केली, पाडव्याला दिवा लावला आणि शटर ओढलं. शिल्लक माल अकोल्याचा एक घाऊक व्यापारी घेऊन गेला. लाकडी पाट त्यांनी दिला नाही.

आणि एक पत्र्याचा डबाही दिला नाही. तो डबा घेऊन ते आपल्या कॉलनीत, माझ्या घरी आले. डब्यात एक्केचाळीस पेनं होती. दुरुस्तीला टाकलेली, दुरुस्त झालेली, पण कोणी न्यायलाच न आलेली. प्रत्येक पेन जुन्या परीक्षेच्या पेपरात गुंडाळलेलं, वर नाव, तारीख, आणि येणं: दहा, पंधरा, वीस. 'तलाठी भाऊ, मानोरा.' 'कन्या शाळेच्या मॅडम.' 'कोर्ट, चष्मेवाले.' नुसतं 'लंगडणारे गुरुजी.' कोणाची बदली झाली असेल, कोणी विसरलं असेल, कोणाला मधल्या काळात बॉलपेन मिळालं असेल. काही आता या जगात नसतील. "लोकायची अमानत हाय," काका म्हणाले. "माल विकता येते, हे कसं विकू? तुमच्या कालनीतले नऊ हायत. तेवढे तुमी पोचवा. बाकीचे मी पाह्यतो." आणि खरंच, या वयात ते एसटीनं मानोऱ्याला जाऊन आले. तलाठी भाऊ निवृत्त होऊन गावी शेती करतात. त्यांनी पेन घेतलं आणि काकांना जेवू घातलं.

आपल्या नऊपैकी एक पुडी आपल्या संस्थेच्या पहिल्या सचिवांची होती. आज ते आपल्यात नाहीत. गडद तपकिरी एबोनाइटचं, जाड अंगाचं पेन. त्या भिजलेल्या इतिवृत्ताच्या पुस्तकातल्या निळ्या-काळ्या सभा, ज्या अजून वाचता येतात, त्या या पेननं लिहिलेल्या. पुडीवरची तारीख पाहिली तर ते दवाखान्यात भरती झाले त्याच्या आधीच्या आठवड्याची. मी पुडी घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी पुडी उघडली नाही, आधी वरचं येणं वाचलं. वीस रुपये. आत जाऊन वीसची नोट आणली आणि म्हणाल्या, "हे पहिले पोचवा. यांचं कोणाचं देणं ठेवलेलं नाही आजवर." मी ती नोट त्याच संध्याकाळी काकांना नेऊन दिली. काकांनी वही काढली, नाव शोधलं, आणि त्यावर एक आडवी रेघ मारली. बाकी काही बोलू नका असं वहिनींनी सांगितलं आहे, म्हणून एवढ्यावर थांबतो. त्या इथे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, कृपया कोणी मागे वळून पाहू नका.

उरलेल्या आठांपैकी तीन पोचली. पाच पुड्या संस्थेच्या कार्यालयात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. नावं अशी आहेत: 'बँकवाले, वरचा मजला', 'गणिताचे सर', 'पोस्टातल्या ताई', 'ब्लॉक नंबर १७ ची मुलगी, बारावी', आणि एकावर नुसतं 'डावखुरे'. बारावीची ती मुलगी आता कुठे असेल, तिच्या आई-वडिलांनी विचार करावा. डावखुऱ्या सभासदांनी भांडण न करता येऊन पेन हातात धरून पाहावं. निब त्यांच्या हाताप्रमाणे घासलेलं आहे, ज्याचं असेल त्यालाच चालेल. कार्यालय संध्याकाळी सहा ते सात उघडं असतं, रविवारी बंद. पुडीवर जे येणं लिहिलं आहे तेवढंच शेजारच्या डब्यात टाकावं, जास्त टाकू नये, काका परत पाठवतात. पेनांत शाई भरलेली नाही. भरण्याआधी कोमट पाण्यानं दोन वेळा धुऊन घ्या, गरम पाणी नको, आणि ड्रॉइंगची शाई अजिबात नको.

 चहा तयार आहे असं सचिव खुणावत आहेत.